साबणाचं पाणी जपणारी वॉशिंग मशीन्स

अमेरिकेत 1950 ते 1980 च्या दशकांत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वॉशिंग मशीनना मागच्या बाजूला एक जादा नळी असे. एकदा वापरलेलं साबणाचं पाणी बाजूच्या हौदात साठवायचं आणि पुढच्या कपड्यांसाठी परत ओढून घ्यायचं, हे तिचं काम. ‘सड्स सेव्हर’ या नावाने ही सोय ओळखली जाई. व्हर्लपूलने तिला ‘सड्स मायझर’ म्हटलं होतं.

या सोयीमागची सवय मात्र ऑटोमॅटिक मशीनच्याही आधीची. पूर्वीच्या मशीनमध्ये कपडे दोन रबरी रुळांमधून पिळून काढावे लागत. टबात कढत पाणी एकदाच भरायचं आणि सगळं धुणं त्यातच उरकायचं. आधी पांढरे कपडे आणि चादरी, मग रंगीत, सगळ्यात शेवटी शेतातले किंवा कारखान्यातले मळके कपडे. खरी किंमत होती ती गरम पाण्याची. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहापैकी जेमतेम एका शेतकरी घरात वीज होती. विहिरीचं पाणी हाताने उपसून, चुलीवर तापवून, बादल्यांनी ओतणाऱ्या बाईला एका वापरानंतर ते ओतून देणं परवडणारच नव्हतं.

बेंडिक्सचं ऑटोमॅटिक मशीन 1937 मध्ये आलं. युद्धानंतर, 1947 मध्ये, सिअर्स या दुकानसाखळीने केनमोर नावाने वरून कपडे टाकायचं ऑटोमॅटिक मशीन विकायला काढलं. पिळायचे कष्ट संपले. पण मशीन दर खेपेला नवं पाणी घेई आणि जुनं सोडून देई. अशा मशीनला एका धुण्याला साधारण दीडशे लिटर पाणी लागे. घरातला गीझर लहान असला तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पाणी कोमटच मिळे. विहीर आणि सेप्टिक टँकवर चालणाऱ्या घरांची अडचण दुहेरी होती: पाणी आणायचं कुठून आणि एवढं सांडपाणी जिरवायचं कुठे?

यावरचा तोडगा अमेरिकन घरांच्या तळघरात तयारच होता. तिथे कपडे धुण्यासाठी दोन जोडहौद असत. सड्स सेव्हरची एक नळी एका हौदात, दुसरी शेजारच्या हौदात. पहिल्या हौदाला बूच लावायचं. धुणं झालं की साबणाचं पाणी तिथे जाई आणि खळबळलेलं पाणी दुसऱ्या हौदातून गटारात. पुढचे कपडे टाकून बटण फिरवलं की पंप साठवलेलं पाणी मशीनमध्ये परत आणी. नळीचं तोंड तळापासून थोडं वर असे, त्यामुळे खाली बसलेली माती आणि धागे हौदातच राहत. थोडं कढत पाणी आणि चिमूटभर साबण वाढवला की काम भागे. कपडे खळबळायला मात्र दरवेळी स्वच्छच पाणी.

जड पाण्याच्या भागात याचा आणखी एक फायदा होता. जड पाण्यात साबणाचा बराचसा भाग कॅल्शियमशी जोडला जाऊन वाया जातो. एकदा साबण खाऊन बसलेल्या पाण्यात नव्या साबणाला लगेच फेस येतो. म्हणजे पाणी, इंधन आणि साबण, तिन्हींची बचत. इतकी सरळ आणि सोपी युक्ती घरगुती यंत्रांत फार थोडी सापडते.

ती गेली ती हळूहळू. 1946 मध्ये टाइड आल्यावर साबणाऐवजी डिटर्जंट रूढ झाला आणि जड पाण्याचा जाच कमी झाला. मोठे गीझर आले. धुण्याची जागा तळघरातून वर स्वयंपाकघराजवळ सरकली. तिथे जोडहौद कुठून असणार? पुढे 1990 च्या दशकात कमी पाण्यावर चालणारी फ्रंट लोड मशीन्स अमेरिकेत पसरली, तेव्हा साठवण्याइतकं पाणी मुळात उरेनासं झालं.

ब्रिटनमध्ये हेच काम ट्विन टबने, म्हणजे धुण्याचा एक आणि पिळण्याचा एक असे दोन टब असलेल्या मशीनने केलं. हूव्हरच्या ट्विन टबमध्ये कपडे लाकडी चिमट्याने उचलून स्पिनरमध्ये टाकायचे, आणि त्यातून निघालेलं साबणाचं पाणी पंपाने पुन्हा धुण्याच्या टबात सोडता येई. आपल्याकडची सेमी-ऑटोमॅटिक मशीन्स याच दोन टबांच्या घडणीची आहेत. पाणी परत ओढणारा पंप त्यांत सहसा नसतो, पण टबातलं पाणी कधी सोडायचं हे आपल्या हातात असतं. म्हणून टँकरवर दिवस काढणाऱ्या घरांत आजही आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी, असं एकाच पाण्यात तीनदा धुणं निघतं आणि उरलेलं पाणी संडास-मोरी धुवायला जातं.