पडद्याखालचे पाय

माझ्यावर राज्य होतं. वीसपर्यंत आकडे मोजून डोळे उघडले, तर आमची तीन वर्षांची मुलगी खोलीच्या मधोमध उकिडवी बसलेली. दोन्ही तळवे तोंडावर घट्ट दाबलेले, बाकी पाठ, पाय, केस, फ्रॉक सगळं उघड्यावर. मी शहाण्यासारखं कपाट उघडून बघितलं, पलंगाखाली वाकलो, ‘‘गेली कुठे ही?’’ असं मोठ्यानं विचारलं. तळव्यांआडून उत्तर आलं, ‘‘मी इथे नाहीये!’’

लहान मूल असलेल्या घरात हे रोज चालतं. कुणी उशीत डोकं खुपसतं, कुणी पडद्यामागे उभं राहतं आणि पडद्याखाली दहा बोटं दिसत असतात. आपण हसतो आणि कारणही लगेच ठरवून टाकतो. डोळे मिटून दूध पिणारं मांजर आपल्या म्हणीतून तयारच असतं. मुलाला स्वतःला काही दिसत नाही, म्हणून जगालाही दिसत नाही असं त्याला वाटतं. झालं.

पण तसं नाही. मांजराचं ठाऊक नाही, मुलांच्या बाबतीत ही म्हण चुकते, आणि ती कुठे चुकते हे शोधण्यासाठी संशोधकांनी मुलांशी अक्षरशः लपाछपी खेळून बघितली आहे.

जॉन फ्लॅवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०मध्ये डोळे मिटलेल्या लहान मुलांना एक साधा प्रश्न विचारला : मला तू दिसतोस का? बरीच मुलं म्हणाली, नाही. मग विचारलं, तुझा हात दिसतो का? हो, दिसतो. म्हणजे डोळे मिटले तरी हात दिसतो हे मुलाला पक्कं माहीत आहे. दिसत नाही तो फक्त ‘तू’.

केंब्रिजचे जेम्स रसेल यांनी २०१२मध्ये हाच धागा आणखी ओढला. त्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. ‘मी आता कुणाला दिसत नाही’ असं बहुतेकांनी सांगितलं. समोरच्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तर ‘तो माणूसही दिसत नाही’ असंच उत्तर! इथे मांजराची म्हण कोसळते, कारण आता मुलाचे स्वतःचे डोळे टक्क उघडे आहेत. शरीर दिसतं का, असं वेगळं विचारल्यावर मुलं पुन्हा ‘हो’ म्हणतात. पुढे रसेल यांनी आरशाच्या काचांचे गॉगल आणले. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून घालणाऱ्याचे डोळे दिसत नाहीत. ३७ मुलांपैकी फक्त ७ जणांना ही भानगड उमगली. पण त्या ७ जणांतल्या ६ जणांनी सांगितलं, की आपण अदृश्य झालो आहोत. त्यांना जग स्वच्छ दिसत होतं, तरीही. शेवटचा प्रयोग तर पट्टीशिवायचाच होता. मूल आणि मोठा माणूस समोरासमोर असून नजर मात्र एकमेकांना मिळत नाही अशी रचना केली, तेव्हाही ‘मी दिसत नाही’ असंच म्हणणारी मुलं पुष्कळ निघाली.

तर लहान मुलाच्या हिशेबात एखाद्याला ‘बघणं’ म्हणजे त्याच्या शरीरावर पडलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरणं नव्हे. बघणं म्हणजे नजरेला नजर भिडणं. तो दोघांनी मिळून करायचा व्यवहार आहे. एकानं हात काढून घेतला की व्यवहार मोडला. हेनरिके मोल यांच्या गटानं २०१७मध्ये डोळ्यांबरोबर कान आणि तोंडही झाकून बघितलं. समोरच्या बाईनं स्वतःचे कान किंवा तोंड झाकलं, की मुलं म्हणत, तिचं ऐकू येत नाही, तिच्याशी बोलता येत नाही. स्वतःचे कान आणि तोंड मोकळे असून ऐकता-बोलता येत नाही, कारण समोरून व्यवहारच बंद! मला हे उत्तर चूक म्हणवत नाही. हातातल्या मोबाइलवरून मान वर न करता ‘हं, बोल, ऐकतोय’ म्हणणाऱ्या माणसाविषयी आपलंही मत फार वेगळं नसतं.

आणि आपली भाषा तरी काय म्हणते? पैसे उसने घेतलेला माणूस आपल्याला ‘तोंड चुकवतो’. लाज वाटली की आपण ‘तोंड लपवतो’. हातपाय लपवले असं कुणी म्हणत नाही. वर्गात बाईंनी अवघड प्रश्न विचारला, की आपण वहीत डोकं घालायचो. तेव्हा बाईंना आपण दिसायचे बंद होत नव्हतो हे दहाव्या वर्षी चांगलं कळत होतं, तरी घालायचो.

या व्यवहाराची सुरुवात लपाछपीच्या खूप आधी, पाळण्याजवळच होते. पदर, टॉवेल, नाहीतर नुसते हात तोंडावर घ्यायचे. ‘बुवाऽऽऽ... कुक!’ सहा-सात महिन्यांचं बाळ खदखदून हसतं. दहाव्यांदा तेच केलं तरी हसतं, आपणच थकतो. बाळ नेमकं कशाला हसतं? अचानक चेहरा आला म्हणून दचकून हसत असेल, तर काहीतरी अनपेक्षित केल्यावर ते जास्त हसायला हवं. जेरोड पॅरट आणि हेन्री ग्लाइटमन यांनी १९८९मध्ये सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना असं फसवून बघितलं. लपला एक माणूस आणि ‘कुक’ करत निघाला दुसराच, किंवा लपला एका जागी आणि निघाला भलत्याच जागी. बाळांचं हसू कमी झालं. त्यांना आश्चर्य नको होतं, आपला अंदाज खरा ठरायला हवा होता. टॉवेलामागे आईच आहे आणि ती तिथूनच येणार, असं मनात धरून बसायचं आणि ती तशीच आली की विजयानं ओरडायचं, असा हा सगळा मामला.

नजरेआड झालेली वस्तू अस्तित्वात असते, हे बाळाला केव्हा कळतं? हा प्रश्न ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञानं घरात बसून विचारला. प्रयोगशाळा म्हणजे त्याची स्वतःची तीन मुलं. खेळणं मुलाच्या देखत फडक्याखाली सरकवायचं आणि ते काय करतं ते टिपून ठेवायचं. साधारण आठ महिन्यांपर्यंतची बाळं फडकं उचलत नाहीत, जणू खेळणं नव्हतंच अशा थाटात दुसरीकडे बघतात. त्यांच्यापुरतं ते संपलं, असं पियाजेनं म्हटलं. पुढे १९८५मध्ये रेने बायरजाँ आणि तिच्या सहकाऱ्यांनी हातांऐवजी डोळ्यांची परीक्षा घेतली. एक फळी हळूहळू मागे पडते, मागे एक खोका आहे, तरी फळी खोका नसल्यासारखी आडवी होते. अशा अशक्य देखाव्याकडे पाच महिन्यांची बाळं जास्त वेळ टक लावून बघत राहिली. मागे खोका आहे हे त्यांनी धरलेलं होतं, असा याचा अर्थ लावला गेला. या टक लावण्यातून नेमकं किती अनुमान काढायचं यावर वाद आहेत, पण पियाजेनं बाळांना कमी लेखलं यावर आज बऱ्यापैकी एकमत आहे.

आठव्या-नवव्या महिन्यात घरात एक नवी कटकट सुरू होते. आई बाथरूममध्ये गेली आणि दार लागलं की आकांत. कालपर्यंत शेजारच्या मांडीवर खुशाल खेळणारं बाळ आज दाराशी रांगत जाऊन रडतं. अनेकांना वाटतं, लाडावलं. खरं तर ते पुढे गेलेलं असतं. दाराआड आई आहे हे त्याला आता नीट कळतं. ती पाच मिनिटांत येईल हे मात्र कळत नाही, कारण पाच मिनिटं म्हणजे काय हेच अजून कळलेलं नाही.

याच वयातली एक गंमत घरी करून बघण्यासारखी आहे. दोन उश्या घ्या. डावीखाली खेळणं लपवा, बाळ काढेल. दोन-तीनदा असं झालं, की त्याच्या देखत ते उजवीखाली लपवा आणि क्षणभर त्याला थोपवा. बाळ पुन्हा डावी उशी उचलतं! हे पियाजेलाही दिसलं होतं. अ‍ॅडेल डायमंड यांनी १९८५मध्ये दाखवलं, की सगळा खेळ त्या थोपवण्याच्या वेळेचा आहे. साडेसात महिन्यांचं बाळ दोन सेकंदांच्या आतच घसरतं, वर्षाचं झाल्यावर दहा सेकंद थांबवलं तरी बहुधा निभावतं. महिन्याला साधारण दोन सेकंदांची कमाई! त्याहून नवल म्हणजे काही बाळं बघतात उजवीकडे आणि हात घालतात डावीकडे. डोळ्यांना ठाऊक असतं, हाताला लागलेली सवय आवरत नाही. ही आवरण्याची कामगिरी कपाळामागच्या मेंदूची, आणि मेंदूचा तो भाग परिपक्व व्हायला सगळ्यांत जास्त वेळ घेतो, पार विशी उलटेपर्यंत. जुन्या जागी चष्मा शोधणाऱ्यांनी इथे फार हसू नये.

आता पुन्हा तीन वर्षांच्या लपणाऱ्याकडे येऊ. नजरेचा व्यवहार एकीकडे, पण नीट लपायचं तर आणखी एक गोष्ट लागते. ‘मला जे माहीत आहे, ते शोधणाऱ्याला माहीत नाही’ हे सतत मनात धरून ठेवणं. हाइंत्स विमर आणि योसेफ पेर्नर यांनी १९८३मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. मॅक्सी परत आला, तो चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं छातीठोकपणे सांगतात, दुसऱ्या कपाटात. चॉकलेट तिथे आहे ना! मॅक्सीच्या डोक्यात वेगळं, आता चुकीचं ठरलेलं जग असू शकतं, हे त्यांना पेलत नाही. २००१मध्ये अशा १७८ अभ्यासांची मोट बांधून पाहिली गेली, तेव्हा वेगवेगळ्या देशांत आणि प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारूनही हा बदल तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान होतो असंच दिसलं.

टोरांटोच्या जोन पेस्किन आणि व्हिट्टोरिया अर्दिनो यांनी २००३मध्ये मॅक्सीच्या गोष्टीसारख्या चाचण्या आणि खरीखुरी लपाछपी एकमेकींशी जुळवून पाहिल्या. चाचणीत अडणारी मुलंच खेळातही घोटाळे करत. शोधणारा बघत असतानाच लपायला जायचं, नाहीतर ‘मी इथे आहे’ असं लपलेल्या जागेतून ओरडायचं. गुपित राखण्यातही तीच गत. वाढदिवसाच्या आदल्या रात्री आईला ‘बाबांनी तुझ्यासाठी काही आणलेलं नाहीये, लाल पिशवीत’ असं सांगणारं मूल तुमच्या घरात असेल, तर ते चहाडखोर नाही, तीन वर्षांचं आहे.

खोटं बोलण्याचंही असंच. १९८९मध्ये मायकेल लुइस यांच्या प्रयोगात तीन वर्षांच्या आसपासच्या ३३ मुलांना, मागे ठेवलेल्या खेळण्याकडे वळून बघू नका असं बजावून मोठी माणसं खोलीबाहेर गेली. २९ जणांनी बघितलंच. विचारल्यावर त्यांतल्या साधारण चार दशांश मुलांनी कबुली दिली, बाकीच्यांनी चक्क नाकारलं किंवा गप्प बसणं पसंत केलं. पुढे व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २००२मध्ये अशाच प्रकारात एक प्रश्न जोडला. बघितलं नाहीस ना, मग काय असेल बरं ते? लहानगे खेळण्याचं नाव बिनदिक्कत सांगून मोकळे! ‘मी नाही बघितलं’ हा पडदा, आणि खाली उघडे राहिलेले हे पाय. सहा-सात वर्षांची बरीच मुलं मात्र ‘मला काय माहीत’ म्हणायला शिकलेली असतात.

हे शिकवतं कोण? वय वाढतं तसा मेंदू वाढतो हे आहेच, पण घरातलं बोलणंही मोठं काम करतं. जुडी डन यांनी ५० कुटुंबांत, अगदी रोजच्या धबडग्यात, टेपरेकॉर्डर लावून बसण्याचा उद्योग केला. ज्या घरांत ३३ महिन्यांच्या मुलाशी मनाविषयी जास्त बोललं जात होतं, म्हणजे ‘तो का रडला असेल’, ‘तिला वाटलं तू घेतलंस’ वगैरे, ती मुलं ४० महिन्यांची झाल्यावर मॅक्सीच्या गोष्टीसारख्या प्रश्नांत पुढे निघाली. पेर्नर यांच्या गटाला १९९४मध्ये भावंडं असलेली मुलंही पुढे दिसली. मोठी ताई खाऊ लपवते, उल्लू बनवते, रडवते, आणि त्यातून धाकट्याचा अभ्यास होतो. याची दुसरी, दुखरी बाजू बहिऱ्या मुलांच्या अभ्यासात दिसते. ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या आणि खुणांची भाषा उशिरा मिळालेल्या मुलांना इतरांच्या मनातलं ओळखायला बरीच वर्षं जास्त लागतात. आईवडीलही बहिरे असून पहिल्यापासून घरात खुणांची भाषा वाहत असेल, तर ती अडचण येत नाही. अडथळा कानाचा नसतो, घरात चाललेल्या गप्पा मुलापर्यंत न पोचण्याचा असतो.

जाता जाता उंदरांचं सांगायलाच हवं. बर्लिनमध्ये २०१९मध्ये संशोधकांनी उंदरांना माणसांशी लपाछपी खेळायला शिकवलं. बक्षीस म्हणून खाऊ नाही, फक्त गुदगुल्या. उंदीर लपण्यासाठी पारदर्शक खोक्यांपेक्षा अपारदर्शक खोकी निवडत, शोधताना आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच आवाजात चीत्कारत आणि लपल्यावर बहुतेक गप्प राहत. सापडल्यावर काही जण पळून पुन्हा लपत, म्हणजे गुदगुल्या लांबल्या तरी चालतील, खेळ चालू राहू दे. आमच्या घरात तेव्हा ‘गप्प राहणं’ हे कलम उंदरांपेक्षा कच्चं होतं, हे मी मुलीला सांगितलेलं नाही.

परवा पुन्हा माझ्यावर राज्य आलं. मुलगी आता पाचाची झाली आहे. डोळे उघडले तर पडद्याखाली तिच्या चपलांची टोकं. सवयीप्रमाणे इकडेतिकडे शोधल्याचं नाटक केलं, कपाट उघडलं, पलंगाखाली डोकावलो आणि मग दबक्या पावलांनी जाऊन पडदा सर्रकन बाजूला केला. चपला होत्या. नीट, शेजारी शेजारी, टोकं बाहेर काढून ठेवलेल्या. त्यांत पाय नव्हते. आणि माझ्या मागे, दाराआडून, तोंडावर हात दाबून धरलेलं हसू फुटलं.