कॉर्न्ड बीफ हॅश

खारवलेले डबाबंद गोमांस, उकडलेला बटाटा व कांदा एकत्र परतून केला जाणारा पदार्थ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील शिधावाटपामुळे तो घरोघरी रुळला. मात्र त्याचा उगम युद्धकाळात शोधणे सयुक्तिक नाही.

उगमाविषयी दोन मते आढळतात. एक मत त्याला अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडचा मानते. तेथे मिठात मुरवलेले मांस भाज्यांसह उकडत आणि उरलेले दुसऱ्या दिवशी परतून खात. दुसऱ्या मतानुसार तो मूळचा इंग्लंडचा. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस याच्या नोंदींत जानेवारी १६६३ मधील मेजवानीत सशाच्या मांसाचा हॅश, म्हणजे बारीक चिरलेल्या मांसाचा पदार्थ, आहे. त्यावरून हॅशची रीत जुनी ठरते, पण तेवढ्याने बटाटा आणि डबाबंद गोमांस यांच्या जोडीचा काळ ठरत नाही. उरुग्वेतील फ्राय बेंटोस येथे लीबिग कंपनीने असे मांस १८७३ च्या सुमारास डब्यांत भरण्यास सुरुवात केली; मांसाची वडी अखंड निसटावी म्हणून केलेला निमुळता डबा शिकागोत १८७५ मध्ये आला. त्यामुळे प्रचलित रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे धरणे अधिक सुरक्षित.

ब्रिटनमध्ये मांसावर ११ मार्च १९४० पासून नियंत्रण आले. ते वजनावर नसून किमतीवर होते. प्रौढास आठवड्याला आरंभी १ शिलिंग १० पेन्सचे मांस मिळे. पुढे मर्यादा बहुतेक काळ १ शिलिंग २ पेन्सच्या आसपास राहिली आणि तीतला काही भाग कॉर्न्ड बीफच्या रूपाने घ्यावा लागे. बटाटा युद्धकाळात नियंत्रणमुक्त होता. तो भरपूर खावा, असा अन्नमंत्रालयाचाच प्रचार असे. फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत व त्याजवळची चॅनल बेटे जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर तेथून येणारा कांदा मात्र दुर्मिळ झाला.

मांसाचा डबा आधी थंड केल्यास तुकडे नीट पडतात. चरबीत कांदा परतून बटाट्याच्या फोडी व शेवटी मांस घालतात. मांस शिजलेले व खारट असल्याने वेगळे मीठ लागत नाही. त्याची चरबी सुटत असल्याने वरची चरबीही बेताची पुरते, ही टंचाईत मोठीच सोय होती. मिश्रण उलथण्याने दाबून न हलवता ठेवतात व तळाशी खरपूस पापुद्रा धरला की उलटतात. सारखे ढवळल्यास लगदा होतो.

उत्तर इंग्लंडमध्ये हॅश पातळसर शिजवून व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या लाल कोबीबरोबर खातात. संडरलंड भागातील पॅनॅकल्टीत हेच जिन्नस थर लावून भट्टीत शिजवतात. मांसावरील नियंत्रण जुलै १९५४ मध्ये उठले.