गोळी घेतलीस का?

"आई, गोळी घेतलीस का?"

"घेतली की मघाशीच."

गोळी वाटीत तशीच असते. सुरुवातीचे काही महिने मी ती वाटी तिच्यासमोर धरायचे, कोर्टात पुरावा ठेवावा तशी. "ही दुसरी असेल," आई म्हणायची. मग माझा आवाज चढायचा, तिचे डोळे भरायचे, आणि गोळी वाटीतच राहायची. आईला अल्झायमर आहे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार. ती थाप मारत नव्हती आणि माझा प्रश्नच चुकीचा होता, हे समजायला मला बराच वेळ लागला.

गोळी वेळेवर घेणं हे दिसतं तितकं साधं काम नाही. नऊ वाजले हे कळायला हवं, नऊ वाजता काहीतरी करायचं होतं हे आपोआप आठवायला हवं, ते करायला हवं आणि केलं हे पुन्हा लक्षात राहायला हवं. झालेलं आठवणं वेगळं आणि पुढे करायचं ते ऐनवेळी आठवणं वेगळं. हे दुसरं, भविष्यासाठीचं स्मरण स्मृतिभ्रंशात फार लवकर ढासळतं. त्यात शेवटची पायरी सर्वांत धोक्याची. गोळी राहिली तर एक वेळ चालेल, पण घेतल्याचं आठवत नाही म्हणून दुसऱ्यांदा घेतली तर?

मेंदूच्या आत, कानाच्या साधारण पातळीवर, दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा वळलेला भाग असतो. नव्या घटनेची पहिली नोंद इथे होते. अल्झायमरचा घाव या भागावर आणि त्याच्या शेजारावर अगदी सुरुवातीला पडतो. म्हणून आईला बाराचं जेवण एक वाजता आठवत नाही, पण तिच्या लग्नाच्या पंगतीत कोण रुसलं होतं ते नावानिशी आठवतं. नोंदच झाली नाही तर आठवणार काय? मग मेंदू ती मोकळी जागा नेहमीच्या मजकुराने भरून टाकतो. बीपीची गोळी ती वीस वर्षं रोज सकाळी घेत आली आहे, तेव्हा आजही घेतलीच असणार. तिच्यापुरतं ते खरं असतं. याला आपल्याकडे म्हातारचळ म्हणून मोकळं होतात, किंवा 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसतात. पण साठी उलटलेल्या बहुसंख्यांना हा आजार नसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं.

मग शिल्लक काय राहतं? याचं उत्तर एका अमेरिकन माणसाने दिलं, तेही नकळत. हेन्री मोलेसन याला अपस्माराचे झटके येत. १९५३ साली शस्त्रक्रियेत त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण नवी आठवण बनणंच थांबलं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायला दिली. दर वेळी तो म्हणे, हे मी कधी केलेलंच नाही. रेघ मात्र दिवसागणिक सुधारत गेली. म्हणजे हाताची सवय मेंदूत दुसरीकडे साठते. अल्झायमरमध्येही ती बरीच उशिरापर्यंत टिकते.

माझ्या घरी याचा प्रत्यय पूजेच्या वेळी आला. वार, महिना, माझं नाव, सगळं डळमळीत झालेलं असताना भटजींनी पळी पुढे केली आणि आईचा उजवा तळवा आपसूक खोलगट होऊन पुढे आला. तीर्थ घेऊन हात डोक्यावरून फिरला. कुणी सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी विचारणं बंद केलं. चहाचा शेवटचा घोट झाला की शेजारी बसायचं, भांड्यात पाणी तयार ठेवायचं, तळव्यावर एकच गोळी ठेवायची आणि "हं" म्हणायचं. दहातल्या सात-आठ दिवशी हात तोंडाकडे जातो. हा प्रसाद आहे असं मी सांगत नाही. ते मला रुचत नाही. हाताची सवय तेवढी उसनी घेते.

डोळ्यांचीही एक भानगड असते. या आजारात रंगछटांतला फरक ओळखण्याची ताकद कमी होते. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत पांढरी गोळी तिला खरोखर दिसत नसेल. गडद ताटलीत ठेवून पाहा. दुसरी गोष्ट मेडिकलच्या दुकानात घडते. "तीच कंपनी नाही, पण औषध सेम आहे," असं म्हणून दुसरं पाकीट हातात येतं. औषध तेच असतं, पण पिवळी गोळी गुलाबी झाली की आईच्या दृष्टीने कुणीतरी भलतंच काही खायला घालतंय. आपल्याला हा हट्ट वाटतो. तसं बघायला गेलं तर अनोळखी गोळी तोंडात न टाकणं हा शहाणपणाच की! शक्यतो तेच पाकीट मागून घ्यावं.

तरीही ती नाही म्हणते तेव्हा घराघरांतून खलबत्ता बाहेर निघतो. गोळी कुटायची आणि मुरांब्यात कालवायची. इथे जरा थांबायला हवं, कारण गोळी म्हणजे नुसती दाबून बसवलेली पूड नव्हे. पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल अशी अक्षरं असली तर ती गोळी औषध हळूहळू सोडण्यासाठी घडवलेली असते. काही गोळ्यांचा पोटातल्या पाण्याने लगदा होतो आणि त्यातून औषध तासन् तास झिरपत राहतं. अशी बीपीची गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरतो, आणि माणूस न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडतो. पॅन्टोप्राझोलसारख्या अ‍ॅसिडिटीच्या गोळीवरचं आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवतं. आवरण फुटलं की बरंचसं औषध जठरातच वाया जातं. शिवाय आवरण गेलं की कडूपणा उघडा पडतो आणि उद्यापासून मुरांबाही संशयित ठरतो. थायरॉइडची गोळी दुधातून देणाऱ्यांनी तर दुधाचा नादच सोडावा. कॅल्शियममुळे ती आतड्यात नीट शोषली जात नाही. ती रिकाम्या पोटी पाण्याबरोबर द्यायची, आणि कॅल्शियमची गोळी असेल तर दोघींत चार तासांचं अंतर ठेवायचं.

कुटण्याआधी डॉक्टरांना विचारलं तर बऱ्याचदा दुसरी वाट निघते. काही औषधं पातळ मिळतात. स्मृतिभ्रंशासाठीच देतात ती डोनेपेझिल तोंडात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपातही असते. त्याच आजारावरच्या रिव्हास्टिग्मिनचा त्वचेवर चिकटवायचा पॅच येतो. पॅचला एकच पथ्य, पण कडक. नवा लावण्यापूर्वी जुना काढायचा. पाठीवरचा जुना विसरून दंडावर नवा लावला की डोस दुप्पट होतो, आणि उलट्यांपासून नाडी मंदावण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

अन्नात लपवून द्यावं की नाही, हा प्रश्न औषधशास्त्राच्या पलीकडचा आहे. ब्रिटनमध्ये यासाठी रीत ठरलेली आहे. रुग्णाची निर्णयक्षमता उरलेली नाही हे आधी पाहायचं, मग डॉक्टर, औषधतज्ज्ञ आणि घरचे यांनी मिळून ठरवायचं आणि ते लिहून ठेवायचं. आपल्याकडे हा निर्णय स्वयंपाकघरात, एकट्या सुनेकडून, घाईत होतो. आणि आईला तो एकदा कळला तर ती फक्त गोळी सोडत नाही, जेवणही सोडते.

ही डोनेपेझिल नेमकं काय करते? १९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या संशोधकांना अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन बनवणारं विकर (एन्झाइम) फार कमी आढळलं. अ‍ॅसिटिलकोलीन हा मज्जापेशींमधला निरोप्या, स्मरण आणि लक्ष यांच्या कामाचा. डोनेपेझिल त्याला तोडणाऱ्या विकराला रोखते, म्हणजे उरलेला निरोप्या जरा जास्त वेळ टिकतो. आजार बरा होत नाही, काहींना काही काळ थोडा फरक पडतो. आता गंमत बघा. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. ते नेमक्या याच निरोप्याचं दार बंद करतं. म्हणजे एका हाताने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने बूच लावायचं. शिंका आल्या म्हणून घरात पडलेली गोळी दिली आणि रात्री आई भिंतीशी बोलू लागली, असं झालं तर दोष आजाराला देण्याआधी गोळीचं पाकीट वाचावं.

हेच चक्र डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतही फिरतं. डोनेपेझिलने लघवीची घाई वाढू शकते. दुसरे डॉक्टर त्यावर ऑक्सिब्युटिनिन लिहितात. तीही अ‍ॅसिटिलकोलीनच्या विरुद्ध जाणारी, म्हणून विसरणं वाढतं. मग तिसरी गोळी. सगळी पाकिटं एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ओतावीत आणि "यातली कोणती बंद करता येईल?" असं स्पष्ट विचारावं. आमची नऊची सहा झाली.

साखरेच्या गोळीपुढे मात्र मी आजही घाबरते. ग्लिमेपिराइड दिली आणि त्यानंतर आईने ताट ढकललं, तर साखर फार खाली जाते. घाम, थरथर, गोंधळ. आणि गोंधळ तर तिच्यात रोजचाच, तेव्हा ओळखायचं कसं? म्हणून ताट वाढलं आणि पहिले चार घास पोटात गेले, की मगच ती गोळी, हे मी डॉक्टरांना विचारून ठरवून घेतलं आहे. इन्सुलिन आणि गोळ्यांचा डबा कुलपात असतो. चिठ्ठीवरचं १-०-१ आता तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे.

आणि गोळी राहिलीच तर? डोनेपेझिल शरीरातून निम्मी व्हायला साधारण ७० तास लागतात. एक रात्र चुकली तर काही बिघडत नाही, मात्र उद्या दोन द्यायच्या नाहीत. रिव्हास्टिग्मिन तीन दिवसांहून जास्त बंद पडली तर पुन्हा सर्वांत छोट्या डोसपासून चढावं लागतं, म्हणून डॉक्टरांना फोन. रक्त पातळ करणारी, फिट्सची, इन्सुलिन, यांचं काय करायचं ते आधीच विचारून फ्रिजवर लिहून ठेवलेलं बरं.

काल रात्री आईने ओठ घट्ट मिटले. अर्ध्या तासाने पुन्हा गेले, तेव्हाही तेच. गाल आणि जिभेखाली पाहिलं, काही लपवलेलं नव्हतं. गोळी डब्यात परत ठेवली, वहीत "रात्र – नाही" लिहिलं, आणि तिच्या अंगावर गोधडी ओढली.