लिंगसंप्रेरके आणि यकृताचा कर्करोग

यकृतपेशींपासून उद्भवणारा कर्करोग, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, जगात जवळपास सगळीकडे स्त्रियांपेक्षा पुरुषांत जास्त आढळतो. बहुतेक देशांत हे प्रमाण दुप्पट ते तिप्पट भरते. पुरुषांत दारू, धूम्रपान आणि हिपॅटायटिस बी व सीचा संसर्ग अधिक, हे त्याचे जुने स्पष्टीकरण. ते खोटे नाही, पण त्याने पूर्ण फरकाचा उलगडा होत नाही. प्रयोगशाळेतले उंदीर ना दारू पितात ना विडी ओढतात, तरी त्यांच्यातही हा फरक ठळकपणे दिसतो.

डायएथिलनायट्रोसामाइन हे रसायन साधारण दोन आठवड्यांच्या पिल्लांना टोचले, की पुढे जवळजवळ सर्व नरांच्या यकृतात गाठी होतात. माद्यांमध्ये त्या थोड्याच जणींना होतात. नराचे वृषण काढले तर गाठी कमी होतात. मादीचे अंडाशय काढले किंवा तिला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिले तर त्या वाढतात. म्हणजे टेस्टोस्टेरॉन रोगाला हात देते आणि अंडाशयातले इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक त्याला आवर घालते, असा ढोबळ निष्कर्ष निघतो.

इस्ट्रोजेनच्या संरक्षणाचा एक मार्ग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील मायकेल कॅरिन यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवला. रसायनाने यकृतपेशी मरू लागल्या, की त्यांतून बाहेर पडलेल्या द्रव्यांची चाहूल यकृतातल्या भक्षकपेशींना, म्हणजे क्युपफर पेशींना, लागते. त्या इंटरल्यूकिन-६ हे दाहकारक प्रथिन सोडतात. त्याच्या प्रभावाने उरलेल्या यकृतपेशी भराभर विभागू लागतात. एरवी हे भरपाईचे काम उपकारकच; पण डीएनएला आधीच इजा झालेली असेल तर ती इजाही विभाजनाबरोबर पुढच्या पिढीत उतरते. इस्ट्रोजेन क्युपफर पेशींतली इंटरल्यूकिन-६ची निर्मिती दाबते. हे प्रथिन बनवणारे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांत नर-मादी हा फरक जवळपास पुसला गेला.

पाचच वर्षांनी, २०१२ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून आणखी चकित करणारा निकाल आला. फॉक्सए१ आणि फॉक्सए२ ही प्रथिने यकृतात अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके) व इस्ट्रोजेन या दोन्हींच्या ग्राहींना, म्हणजे संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या पेशीतल्या प्रथिनांना, डीएनएवर बसायला मदत करतात. ती दोन्ही नसलेल्या उंदरांत चित्र उलटे झाले: माद्यांना गाठी जास्त, नरांना कमी.

हिपॅटायटिस बीच्या बाबतीत विषाणू स्वतःच संप्रेरकांशी संगनमत करतो. त्याच्या जनुकसंचात अँड्रोजेन-ग्राही बसू शकेल अशा जागा आहेत. तो तिथे बसला की विषाणूचे जनुक-वाचन वाढते. विषाणूचे एक्स प्रथिन उलट अँड्रोजेन-ग्राहीची ताकद वाढवते आणि हे चक्र फिरत राहते. इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राही विषाणूच्या वाचनाला खीळ घालतो.

इतके ऐकल्यावर इस्ट्रोजेन यकृताचे निखळ मित्र वाटेल, तर तसेही नाही. गर्भनिरोधक गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या स्त्रियांत यकृतपेशींची सौम्य गाठ, म्हणजे अ‍ॅडेनोमा, होऊ शकते हे १९७३ पासून माहीत आहे. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टोजेन मिश्र गोळ्यांच्या कर्ककारकतेच्या नोंदीत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने यकृताचाही समावेश केला आहे. अर्थात मूळ धोकाच फार थोडा असल्याने प्रत्यक्ष रुग्ण विरळा. दुसरीकडे, शरीरसौष्ठवासाठी घेतल्या जाणाऱ्या, टेस्टोस्टेरॉनसारख्या अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडांमुळेही अ‍ॅडेनोमा आणि कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत. पुरुषातला अ‍ॅडेनोमा क्वचित होतो, पण कर्करोगात बदलण्याची शक्यता अधिक, म्हणून आकार कितीही असला तरी तो काढावा असा सल्ला असतो. स्त्रीला मात्र आधी गोळ्या थांबवायला सांगतात आणि गाठ साधारण पाच सेंटिमीटरच्या वर राहिली तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

रक्तातली संप्रेरके मोजून माणसांतला धोका ठरवणे तितकेसे सरळ नाही. यकृत हेच संप्रेरकांच्या विल्हेवाटीचे ठिकाण. सिरॉसिस, म्हणजे यकृतात व्रण साचून ते निबर होण्याचा आजार, झालेल्या पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन घटते, इस्ट्रोजेन तुलनेने वाढते; त्याचे स्तन वाढू शकतात, त्वचेवर कोळ्याच्या आकाराच्या रक्तवाहिन्या उमटतात. कर्करोगाचा मोठा धोका नेमका याच रुग्णाला असतो. त्यामुळे आजारी यकृताच्या काळात घेतलेल्या नमुन्यावरून त्याआधीच्या काही दशकांचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

उपचारात तर या ज्ञानाने निराशाच केली. इटलीत सुमारे ५०० रुग्णांवर टॅमॉक्सिफेन या, इस्ट्रोजेनच्या ग्राहींवर काम करणाऱ्या औषधाची चाचणी झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार आयुष्य वाढले नाही. आशिया-पॅसिफिक भागातल्या २००२ च्या चाचणीत जास्त मात्रा घेणाऱ्यांची स्थिती उलट वाईट दिसली. अँड्रोजेनरोधक औषधांचाही उपयोग झाला नाही. संप्रेरकांचा प्रभाव गाठ घडण्याच्या काळात मोठा असावा आणि एकदा ती वाढली की तिला त्यांची फारशी गरज उरत नसावी, हा याचा पटण्याजोगा अर्थ.

प्रत्यक्ष दवाखान्यात आज लिंगभेदाचा उपयोग होतो तो धोका जोखण्यासाठी. हिपॅटायटिस बीवर उपचार घेणाऱ्यांसाठीच्या ‘पेज-बी’ गुणांकनात वय, लिंग आणि रक्तातल्या बिंबिकांची (प्लेटलेट्सची) संख्या या तीनच गोष्टी धरतात. पुरुष असण्याचे ६ गुण, स्त्री असण्याचा शून्य. एकूण ९ किंवा त्याहून कमी भरल्यास पुढच्या पाच वर्षांतला धोका अगदी कमी मानतात. धोका जास्त असलेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली जाते.