रांगेत पुढे कोण? एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

एकाने मोठी फाइल अपलोडला लावली की त्याच कनेक्शनवरच्या दुसऱ्याच्या व्हिडिओ कॉलचा आवाज तुटायला लागतो. ‘कॉलला आधी सोडा’ हा उपाय कुणालाही सुचेल. नेटवर्क बांधणाऱ्यांनाही आधी तोच सुचला होता. 1981 मध्ये ठरलेल्या आयपीत, म्हणजे इंटरनेटच्या मूळ नियमावलीत, प्रत्येक पॅकेटच्या (डेटाच्या छोट्या तुकड्याच्या) हेडरमध्ये, म्हणजे पत्ता वगैरे लिहिलेल्या सुरुवातीच्या भागात, एक बाइट त्यासाठीच ठेवलेला होता. त्यातले तीन बिट प्राधान्याचे. बहुतेक राउटरांनी वर्षानुवर्षं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. अंतर जेमतेम 400 यार्ड! त्यातून प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला (पॅकेटं नीट पोहोचतात ना हे पाहणाऱ्या नियमांना) गर्दी पाहून हात आखडायला, म्हणजे पाठवण्याचा वेग कमी करायला शिकवलं. त्याच काळात एनएसएफनेट या अमेरिकी संशोधन-जाळ्याच्या 56 किलोबिटच्या मुख्य मार्गांवर टेलनेटला (दूरच्या संगणकावर टाइप करून काम करायच्या सोयीला) गुपचूप पुढे सोडलं जात होतं. गुपचूप का, तर कळलं असतं तर लोकांनी फाइललाही टेलनेटचा मुखवटा चढवला असता. स्वतःच लावायच्या लेबलाची गोची ही अशी. 1998 मध्ये डिफसर्व्ह या नव्या मानकाने त्याच बाइटमधले सहा बिट घेऊन 64 लेबलं दिली. एखाद्या संस्थेच्या आवारात ती छान चालतात, पण दुसऱ्याच्या जाळ्यात शिरल्यावर त्यांना कुणी विचारेलच असं नाही.

मला जास्त मोलाचा वाटतो तो दुसरा धागा: लेबलावर न विसंबता रांगच नीट लावायचा. नेटवर्क अभियंते जॉन नेगल यांनी 1985 मध्ये दाखवलं की पॅकेटं पुढे पाठवणाऱ्या स्विचला अमर्याद मेमरी दिली तरी गर्दीत पॅकेटं वाया जाणारच, कारण रांग इतकी लांबते की पॅकेटांचं आयुष्य रांगेतच संपतं. त्यांचा उपाय साधा होता: प्रत्येक मशीनची रांग वेगळी ठेवा आणि आळीपाळीने एकेक पॅकेट सोडा.

पुढे मेमरी स्वस्त झाली आणि मोडेम-राउटरांत बफर (पॅकेटं थांबवून ठेवायची मेमरी) फुगत गेले. 1 मेगाबिट अपलोडच्या लाइनवर 256 किलोबाइटचा बफर भरला, तर शेवटच्या पॅकेटला दोन सेकंदांहून जास्त ताटकळावं लागतं. टीसीपी पॅकेट हरवल्यावर हात आखडतो आणि इथे तर काहीच हरवत नाही, नुसतं साचत जातं. 2010 च्या सुमारास संगणक अभियंते जिम गेटिस यांना स्वतःच्या घरच्या लाइनवर हे आढळलं आणि त्यांनी त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं.

2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी कोडेल हे रांग सांभाळायचं तंत्र आणलं. रांग किती लांब, हे ते बघतच नाही. पॅकेट किती वेळ थांबलं ते बघतं. 100 मिलिसेकंदांत एकदाही प्रतीक्षा 5 मिलिसेकंदांच्या खाली आली नाही की पॅकेटं टाकून द्यायला सुरुवात, म्हणजे टीसीपी हात आखडतो. त्याच वर्षी एफक्यू-कोडेलने त्याला नेगल यांच्या वेगळ्या रांगांची जोड दिली. थोडीथोडी पॅकेटं पाठवणारा कॉल आता लेबलाशिवायच पुढे सरकतो आणि रांग तुंबवणारा अपलोड आपल्याच रांगेत थांबतो.

एक अट राहतेच: रांग मोडेममध्ये नव्हे, आपल्या राउटरमध्ये लागली पाहिजे. म्हणून 2018 मध्ये लिनक्समध्ये आलेल्या ‘केक’ या त्याच जातीच्या तंत्रालाही वेग सांगताना लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमीच सांगायचा. आणि लाइनचा वेगच तासातासाला बदलत असेल, तर तो आकडा कितीचा टाकायचा यावर जाणकारांतही वाद आहेत.