एआय एजंटसाठी क्यूआर कोड निर्मिती साधन

एआय एजंटाने (माणसाच्या वतीने कामे स्वतः पार पाडणाऱ्या एआय प्रणालीने) दिलेला मजकूर, दुवा किंवा पैसे भरण्याचा तपशील घेऊन त्याचा स्कॅन होणारा क्यूआर कोड बनवून देणारी छोटी संगणकप्रणाली. माणूस हे काम संकेतस्थळावर रकाने भरून करतो. एजंट साधनाला त्याच्या नावाने हाक मारतो, ठरलेल्या रकान्यांत मजकूर, आकार आणि रंग भरतो आणि उत्तरादाखल फाइल घेतो. अशी साधने एजंटाला जोडण्याची एक प्रचलित पद्धत म्हणजे अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी.

वेगळे साधन लागते, कारण एजंटामागचे भाषा-मॉडेल अंदाजावर चालते आणि क्यूआर कोडमध्ये अंदाजाला जागा नाही. चित्र काढणाऱ्या मॉडेलला नुसते ‘क्यूआर काढ’ म्हटले, तर तीन कोपऱ्यांत तीन चौकोन आणि मधे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असे हुबेहूब चित्र मिळते. फोन मात्र त्यापुढे ढिम्म राहतो. खऱ्या कोडमध्ये प्रत्येक ठिपका हिशेबाने बसतो. मजकुराचे बिट होतात, रीड-सॉलोमन पद्धतीने त्यांना दुरुस्तीचे जादा बिट जोडले जातात, मग आठ ठरावीक नक्ष्यांपैकी वाचायला सर्वांत सोपी पडेल ती त्यावर चढवली जाते.

हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तयार केला. त्याचे ४० आकार आहेत, सर्वांत लहान २१ × २१ घरांचा आणि सर्वांत मोठा १७७ × १७७ घरांचा. दुरुस्तीच्या पातळ्या चार: एल, एम, क्यू आणि एच. एल पातळीवर सुमारे ७ टक्के आणि एच पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. मधोमध गणपतीचे चित्र किंवा मंडळाचा लोगो बसवता येतो तो या सवलतीवरच.

मराठी मजकुराला हा चौकोन महाग पडतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे संगणकात साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. ‘मुंबई’ या शब्दात म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. सर्वांत लहान कोडमध्ये एम पातळीवर मावतात १४. एका बाइटसाठी मुंबई बाहेर राहते आणि कोड २५ × २५ चा होतो. जागेची अडचण इथेही सुटलेली नाही. हाच शब्द दुव्यात घातला, तर टक्केचिन्हांच्या लिपीत (प्रत्येक बाइटला % धरून तीन अक्षरे) त्याची ४५ अक्षरे होतात. एजंटासाठीच्या चांगल्या साधनाने म्हणूनच नुसते चित्र देऊन थांबू नये. कोड किती घरांचा झाला आणि छापताना किमान किती मोठा हवा, हेही सांगावे.

मुंबईत या कोडचे बोलीतले नाव ‘स्कॅनर’. ‘स्कॅनर कुठाय?’ असे विचारले की भाजीवाली काट्याशेजारचा लॅमिनेट केलेला पुठ्ठा फिरवून पुढे धरते. स्कॅन करणारा फोन गिऱ्हाइकाच्या हातात असतो, पण नाव पुठ्ठ्याला चिकटले ते चिकटले. यामागची यूपीआय व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. ती चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाचे मुख्यालयही मुंबईतच आहे. गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड छापणे महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाने, १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक केले.

यूपीआयच्या कोडमध्ये चित्र किंवा खाते नसते, एक ओळ असते: ‘पीए’पुढे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, ‘पीएन’पुढे नाव, ‘एएम’पुढे रक्कम, ‘सीयू’पुढे चलन. एजंटाचा खरा धोका या ओळीत आहे. समजा, परळच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीने ८४ खोल्यांची मेंटेनन्सची यादी एजंटाकडे दिली आणि प्रत्येक बिलावर रकमेसह कोड मागितला. एक ओळ सरकली की ३०२ च्या बिलावर ३०३ ची रक्कम बसते. आयडीतले एक अक्षर बदलले, तर पैसे अडतात किंवा भलत्याच खात्यात जातात. हातच्या पावतीवरची खाडाखोड खजिनदाराच्या नजरेला येते. चुकीचा कोड बरोबर कोडइतकाच देखणा असतो.

त्यासाठी काही साधने कोड बनवल्यावर स्वतःच तो पुन्हा वाचून पाहतात. ही तपासणी हवीच, पण तिची मजल जेमतेम आहे. साधनाला जी ओळ मिळाली तीच कोडमध्ये उतरली, एवढेच ती सिद्ध करते. एजंटाने ओळच चुकीची दिली असेल, तर तपासणी खुशाल ‘बरोबर’ म्हणते. वाचलेला मजकूर एजंटाच्या संभाषणाशी न ताडता मूळ यादीशी ताडावा लागतो. आयडी तर एजंटाला दर वेळी टाइप करू देऊच नये. तो साधनातच एकदा पक्का करून ठेवावा आणि एजंटाकडून फक्त खोली क्रमांक घ्यावा. रक्कम साधनाने यादीतून स्वतः उचलावी. ‘पीएन’मधले नावही पुराव्यादाखल धरू नये, तिथे कोणीही काहीही लिहू शकतो. पैसे भरणाऱ्याने पिन टाकण्याआधी ॲपमध्ये दिसणारे बँकेतले नाव वाचावे.

फाइल कोणत्या रूपात परत येते यावरही बरेच ठरते. पीएनजी चित्र बेस-६४ पद्धतीने अक्षरांत बदलून एजंटाच्या संभाषणात ओतले, तर त्याचा आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो आणि ८४ बिलांत एजंटाची स्मृती त्यानेच भरून जाते. फाइलचा पत्ता परत देणे सोयीचे. छपाईसाठी एसव्हीजी, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकारांच्या वर्णनाने साठवलेली चित्रफाइल, बरी, कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत.

‘डायनॅमिक’ कोडमध्ये मूळ दुव्याऐवजी आखूड दुवा असतो आणि तो मागाहून दुसरीकडे वळवता येतो. सोय खरी, पण ती सेवा बंद पडली की फ्लेक्सवरचा कोड मुका होतो. एजंटाने असा कोड न विचारता निवडू नये.

बाकी गोष्टी छापखान्यातल्या. कोडभोवती चार घरांची मोकळी जागा सोडावी लागते. मंडळांच्या फ्लेक्सवर नेमकी तिथेच नक्षी येते. भगव्यावर पिवळा कोड फोनला दिसत नाही आणि काळ्यावर पांढरा काही फोनच वाचतात. रुंदीच्या दहापट अंतरावरून कोड वाचता येतो, हा ढोबळ हिशेब. हातगाडीसाठी क्यू किंवा एच पातळी घ्यावी, कारण जुलैत लॅमिनेशनच्या कडेने पाणी शिरते आणि शाई पहिल्यांदा कोपऱ्यातून पसरते. कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन या दुरुस्तीच्या हिशेबात येत नाहीत. त्यातला एक पुसला गेला, तर एच पातळीचाही भरवसा राहत नाही.