पन्हळीचा उतरता पाइप : आकाराची निवड

उतरत्या छपरावरचे पावसाचे पाणी वळचणीला लावलेल्या पन्हळीत गोळा होते. तिथून ते ज्या उभ्या नळाने जमिनीपर्यंत आणले जाते त्याला उतरता पाइप म्हणतात. बांधकामाच्या व्यवहारात त्यालाच पावसाळी पाइप किंवा डाउनटेक पाइप असेही नाव आहे. पन्हळ नसलेल्या घराच्या पागोळ्या थेट भिंतीच्या पायाशी पडतात, तिथली माती उकरतात आणि भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग चिखलाच्या शिंतोड्यांनी ओला ठेवतात. पन्हळ आणि पाइप ही जोडी त्यावरचा उपाय होय. या जोडीत पन्हळीच्या मापाचा विचार बहुधा केला जातो, पाइप मात्र पन्हळीच्या भोकात बसेल तो लावून काम उरकले जाते. पुढे पन्हळ ओसंडू लागली की दोषही तिलाच दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा पन्हळ पुरेशी असते. पाणी अडते ते पन्हळीतून पाइपात शिरताना. म्हणून पाइपाच्या आकाराचा प्रश्न हा निम्म्याहून अधिक त्याच्या तोंडाच्या आकाराचा प्रश्न आहे.

भिंतीचे रक्षण हा या पाइपाचा जुना हेतू आहे. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने १२४० मध्ये टॉवर ऑफ लंडनच्या मुख्य मनोऱ्यावरील शिशाचे पन्हळ-नळ खाली जमिनीपर्यंत आणण्याचा हुकूम दिला, तो नव्याने सफेदी केलेली भिंत ठिबकणाऱ्या पाण्याने खराब होऊ नये म्हणून. पाणी भिंतीपासून लांब फेकणाऱ्या नुसत्या तोट्यांनी हे काम पुरते साधत नसे, कारण वारा तेच पाणी पुन्हा भिंतीवर आणून टाकतो.

आकार ठरवताना आधी पाइपाकडे किती पाणी येणार हे काढावे लागते. १ चौ. मी. सपाट जागेवर १ मि.मी. पाऊस पडला की १ लिटर पाणी होते, आणि सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे. छपराचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घेऊन त्याला पावसाच्या ताशी मिलिमीटरमधील तीव्रतेने गुणावे आणि ३,६०० ने भागावे, म्हणजे दर सेकंदाला किती लिटर पाणी येते ते कळते. १०० चौ. मी. छपरावर ताशी १०० मि.मी. या वेगाने पाऊस पडत असेल तर सेकंदाला सुमारे २.८ लिटर पाणी येईल. म्हणजे १० लिटरची बादली चार सेकंदांच्या आत भरून वाहू लागेल.

यातली तीव्रता निवडताना चूक होते. दिवसभरात किंवा वर्षभरात एकूण किती पाऊस पडतो, हा आकडा इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. १०० मि.मी. पाऊस दिवसभर रिपरिप पडला तर बारीकसा पाइपही तो मुकाट्याने वाहून नेईल. तोच तासाभरात कोसळला तर चांगला रुंद पाइपही अपुरा पडू शकेल. आढ्यावर पडलेले पाणी पन्हळीत यायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे घराच्या छपरापुरती पाच-दहा मिनिटांची जोरदार सर हीच खरी कसोटी असते. अशी सर किती वर्षांतून एकदा येईल असे धरायचे, हे पाणी ओसंडल्यावर कुठे जाईल यावर अवलंबून ठेवावे. वळचणीची पन्हळ ओसंडली तर पाणी घराबाहेर पडते आणि नुकसान थोडे होते. दोन छपरांच्या मधली किंवा भिंतीच्या आतल्या बाजूची पन्हळ ओसंडली तर पाणी थेट घरात उतरते. दुसऱ्या प्रकारात बरीच जास्त तीव्रता धरणे शहाणपणाचे आहे.

क्षेत्रफळ म्हणून छपराचा तिरपा पृष्ठभाग धरायचा नसून त्याने झाकलेली आडवी जागा धरायची असते. मात्र वाऱ्याने तिरका झालेला पाऊस उभट छपरावर अधिक पडतो, म्हणून आडव्या क्षेत्रात छपराच्या उभ्या दर्शनी क्षेत्राचा निम्मा भाग मिळवण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने ३० अंश उताराला आडवे क्षेत्र १.२९ ने, ४५ अंशांना १.५ ने आणि ६० अंशांना सुमारे १.८७ ने गुणावे लागते. छपराच्या वर उंच भिंत असेल तर तिच्यावरून ओघळणाऱ्या पाण्यासाठी भिंतीचे निम्मे क्षेत्र आणखी जमेस धरतात. वरच्या मजल्याच्या छपराचा पाइप खालच्या छपरावर सोडलेला असेल, तर वरचे सगळे क्षेत्र खालच्या पाइपाच्या खात्यात जाते, आणि हे विसरले जाण्याचे प्रमाण बरेच आहे.

उभ्या पाइपात पाणी पाण्याच्या टाकीच्या नळासारखे ठासून भरलेले नसते. ते आतल्या भिंतीला चिकटून पातळ थराने खाली सरकते आणि मधोमध हवेचा पोकळ गाभा राहतो. त्यामुळे आकार ठरवताना पाइपाचा फार तर एक-तृतीयांश छेद, म्हणजे आडवा कापल्यावर दिसणारे आतले क्षेत्र, पाण्याने व्यापला जाईल असे धरतात. छपरावरील पाण्याच्या निचऱ्याविषयीचे युरोपीय मानक ईएन १२०५६ या गृहीतावर गोल पाइपांची क्षमता देते, ती अशी : ५० मि.मी. आतील व्यासाला सेकंदाला १.७ लिटर, ७५ मि.मी.ला ५ लिटर, १०० मि.मी.ला १०.७ लिटर. व्यास दुप्पट झाला की छेद चौपट होतो, पण क्षमता सहा पटींहून थोडी अधिक वाढते; कारण रुंद पाइपात पाण्याच्या जाड थराला भिंतीचे घर्षण तुलनेने कमी जाणवते.

हे आकडे पाहून घरासाठी ७५ मि.मी.चा पाइप फारच झाला असे वाटेल, आणि इथेच तोंडाचा प्रश्न येतो. पन्हळीतले पाणी संथ असते आणि त्याला भोकात ढकलायला त्याच्या स्वतःच्या खोलीखेरीज दुसरे बळ नसते. खोली भोकाच्या व्यासाच्या निम्म्याहून कमी असेल तर पाणी बांधावरून पडावे तसे भोकाच्या काठावरून आत पडते. तेव्हा काठाची लांबी, म्हणजे भोकाचा घेर, महत्त्वाचा असतो. खोली त्याहून वाढली की भोक पूर्ण बुडते, आणि मग प्रवाह दुप्पट करायला पाण्याची खोली चौपट व्हावी लागते. घरगुती पन्हळीला एवढी खोली कुठून आणायची? त्याच मानकातील सूत्राने पाहिले तर पन्हळीत ५० मि.मी. पाणी उभे असताना ७५ मि.मी.चे भोक सेकंदाला जेमतेम २.६५ लिटर आणि १०० मि.मी.चे भोक ४.७ लिटर पाणी घेते. दोन्ही बाबतीत हे खालच्या पाइपाच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास आहे.

एक छप्पर घेऊन हे तपासता येते. आडवे माप १० मी. बाय ५ मी., उतार ३० अंश, पावसाची तीव्रता ताशी १५० मि.मी. धरू. ५० चौ. मी. आडव्या क्षेत्राला १.२९ ने गुणून हिशेबाचे क्षेत्र ६४.५ चौ. मी. होते आणि पन्हळीत सेकंदाला सुमारे २.७ लिटर पाणी येते. ७५ मि.मी.चा एकच पाइप हे पाणी सहज वाहून नेईल, पण त्याच्या तोंडात ते शिरायला तोंडाशी सुमारे ५१ मि.मी. खोली लागेल. १२५ मि.मी. रुंदीच्या अर्धगोल पन्हळीची सगळी खोलीच ६२ मि.मी.च्या आसपास असते. म्हणजे काठ आणि पाणी यांत बोटभरही अंतर उरत नाही, आणि चार पाने तोंडाशी आली की पाणी बाहेर. तोंड १०० मि.मी. केले तर खोली ३४ मि.मी.वर येते. ७५ मि.मी.चेच दोन पाइप दोन ठिकाणी लावले तर ती सुमारे २६ मि.मी. होते. एका मोठ्या पाइपापेक्षा दोन मध्यम पाइप बरे, हा कारागिरांचा अनुभव या आकड्यांनी खरा ठरतो. शिवाय एक तुंबला तरी दुसरा चालू राहतो. दुसरा पाइप उतरवायला जागा नसेल तर वर १०० मि.मी. तोंडाचे नरसाळे बसवून खाली ७५ मि.मी.चा पाइप ठेवता येतो. जुन्या इमारतींवर पाइपाच्या माथ्याशी दिसणारी नक्षीदार पेटी हीदेखील मुळात पाण्याला खोली मिळवून देण्याची युक्ती आहे. भोकाची कड धारदार न ठेवता गोलसर वळवली तरी तेवढ्याच भोकातून अधिक पाणी जाते.

पाइपाची जागा हाही आकाराचाच भाग समजावा. पाइप पन्हळीच्या टोकाला असेल तर सगळे पाणी एकाच दिशेने पन्हळभर धावत येते. तोच मधोमध असेल तर दोन्ही बाजूंनी निम्मे निम्मे येते आणि तीच पन्हळ दुप्पट छपराला पुरते. पन्हळीला पाइपाकडे हलका ढाळ लागतो, सुमारे ३५० ते ६०० मीटरला १ मीटर या प्रमाणातला. ढाळ जास्त दिला तर पन्हळ छपराच्या कडेपासून खाली जात राहते आणि पागोळी तिला ओलांडून बाहेर पडते.

इंचांत मापे वापरणाऱ्या कारागिरांत एक ठोकताळा रूढ आहे : छपराच्या दर १०० चौ. फुटांमागे पाइपाचा १ चौ. इंच छेद. वरच्या उदाहरणातल्या ६४.५ चौ. मी. क्षेत्राला तो लावला तर सुमारे ७ चौ. इंच, म्हणजे जवळजवळ ७५ मि.मी. व्यासाचाच पाइप येतो. ठोकताळा वाईट नाही. पण त्यात पावसाची तीव्रता कुठेच नाही आणि तोंडाचा उल्लेखही नाही, हे लक्षात ठेवूनच तो वापरावा. २ बाय ३ इंची चौकोनी पाइपाचा नाममात्र छेद ६ चौ. इंच आणि ३ बाय ४ इंचीचा १२ चौ. इंच असतो, म्हणजे एकेका इंचाने छेद दुप्पट होतो. पन्हळीदार पत्र्याच्या पाइपांत खरा छेद नाममात्र छेदापेक्षा कमी भरतो.

हिशेबाने आलेला आकार हा किमान आकार समजावा, कारण हिशेबात पालापाचोळा नसतो. ५० मि.मी.चा पाइप लहान छपराला पाण्याच्या दृष्टीने पुरेसा असला तरी एक वाळलेली काटकी वाकणात आडवी बसली की तिच्यामागे पाने साचून बूच तयार होते. झाडाखालच्या घराला म्हणूनच ७५ मि.मी.हून कमी माप घेऊ नये. तोंडावर जाळी बसवली तर पाने अडतात, पण पाणीही अडते. जाळी असलेल्या तोंडाची क्षमता निम्मीच धरण्याची शिफारस आहे. लहान पाइप वाचवण्यासाठी जाळी लावणे हा म्हणूनच उलटा उपाय ठरतो.

चालू पन्हळीचा दोष कुठे आहे, हे भर पावसात पाहिले तर लगेच कळते. पाणी पाइपाच्या तोंडाशी ओसंडत असेल आणि पाइप ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर तोंड अपुरे आहे. पाइपाच्या सांध्यांतून पाणी फुटत असेल तर पाइप खाली तुंबून वरपर्यंत भरला आहे. पाइपापासून दूर, मध्येच ओसंडत असेल तर पन्हळ झोल खाऊन बसली आहे किंवा खरोखरच लहान आहे. दोन छपरांच्या खोबणीतून वेगाने आलेला लोंढा कोपऱ्यात पन्हळीवरून उडी मारत असेल तर कितीही मोठा पाइप लावून उपयोग नाही. तिथे पन्हळीचा काठ उंच करून लोंढा अडवावा लागतो. पाऊस नसताना पन्हळीच्या आतली गाळाची रेघ पाहावी. पाणी किती उंच चढले होते ते ती रेघ सांगते.

पाइप भिंतीवरून जाताना वळवावा लागला तर वळणे काटकोनी न ठेवता सौम्य असावीत. जवळजवळ आडव्या गेलेल्या तुकड्याला उभ्या पाइपाची क्षमता लावता येत नाही; त्याचा हिशेब गटाराच्या नळासारखा, ढाळ धरून वेगळा करावा लागतो. जमिनीखालून पाणी नेणाऱ्या आडव्या नळालाही हेच लागू आहे. तो नळ उभ्या पाइपाहून लहान ठेवला तर पाणी पाइपात मागे चढते. उभ्या पाइपाच्या पायथ्याशी, जमिनीच्या थोडे वर, साफसफाईसाठी झाकणाचे तोंड ठेवल्यास आत साचलेला गाळ पाइप न उतरवता काढता येतो.